पान चारशे बारा

नारिनला अंक उशिराच पोचतो.
डोलोन घाटात बर्फ असलं
की टपालाची गाडी तिथेच रात्र काढते.
हा तर दोन वर्षं जुना,
मुखपृष्ठावर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.

बुरुलने त्यातलं एकच पान इतक्यांदा काढलंय
की टेबलावर नुसता ठेवला
तरी अंक तिथेच उघडतो.

उरुग्वेतल्या कुणा ओलिव्हेराने लिहिलंय:
मेंढपाळाचा मुलगा, वय नऊ,
यकृतात पाण्याची गाठ.
मग तक्ते. मग फोटो.
मग एक वाक्य, ज्याला आकडा नाही:
फडकी मी कमी लावली, गाठ फुटली, मुलगा गेला.

संपादकांनी ते छाटलं नाही.
त्यांना पत्र लिहायचं बुरुलच्या मनात आहे,
पण तिचं इंग्रजी पहिल्याच ओळीत अडखळतं.

आज टेबलावर तालाय.
याच्याही घरी मेंढ्या, कुत्री,
याचीही गाठ तशीच, जरा डावीकडे.
मिठाच्या पाण्यातली फडकी किती घेऊ,
सिस्टर विचारते.
आठ.
आठ नेहमी पुरतात.
बुरुलचा हात ब्लेडपाशी जाऊन थांबतो.
अजून आठ, ती म्हणते,
आणि सिस्टर काही न विचारता बरणी उघडते.

बाहेर तालायचा बाप
फेल्टची टोपी हातात चुरगाळत उभा.
उरुग्वे कुठे आहे, त्याला ठाऊक नाही.
तिकडेही मेंढ्या आहेत, एवढं सांगितलं
तर म्हणेल,
मग माणसंही असतील.