अकरा पॉइंट आठ

पहाटे चारला हीटरचा पंखा आधी कण्हला, मग गप्प.
सस्कॅचेवानच्या माळावर ऑक्टोबर,
दहिवर काचेच्या आतल्या बाजूनं.
ओरिसिया उठली, अंगात मेट्रोचाच कोट,
मीटरची लाल सुई लालवर, काळी काळीवर टेकवली:
अकरा पॉइंट आठ.

म्हणजे काल सहा तास गाडी पळाली
ते घरच्या बॅटरीला कुणी सांगितलंच नाही.
घरची म्हणजे दिव्यांची, पंपाची, मेट्रोच्या रेडिओची.
इंजिनाची निराळी.
एका छपराखाली दोन चुली,
आणि मध्ये निरोप्या, मुठीएवढा रिले.

तीस वर्षं तिनं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला.
ट्रक भरलेला, ट्रक रिकामा,
वजाबाकी म्हणजे गहू.
आकड्याला ती भीत नाही.
एकट्यादुकट्या आकड्यावर विसंबतही नाही.

मेट्रो म्हणाला, म्हातारी झाली असेल बॅटरी.
म्हणाला, नवी घेऊ की.
हल्ली तो सगळ्यावर असंच काहीतरी म्हणतो.
पण बॅटरीच्या पोटात पाणी होतं,
टोकं घासलेली, फ्यूज धड.
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी
हे तिच्या हातून व्हायचं नाही.
"इंजिन चालू कर," ती म्हणाली, "आणि ये टॉर्च धरायला."

इंजिनाची बॅटरी: चौदा पॉइंट एक.
रिलेचा अलीकडचा बोल्ट: चौदा पॉइंट एक.
"इकडे दाखव."
उजेड बोल्टापासून वीतभर डावीकडे.
"इकडे, मेट्रो."
उजेड आला, थांबला, हळूच पुन्हा घसरला.
चाचपडतच तिनं सुई टेकवली.
पलीकडचा बोल्ट: अकरा पॉइंट आठ.

किल्ली बंद. किल्ली चालू.
तक, म्हणाला रिले.
मेट्रोच्या आजीच्या युक्रेनी बोलीत
तक म्हणजे हो.
हो म्हणतो, दर वेळी म्हणतो,
आणि पलीकडे कणभर पोचवत नाही.
आतले तांब्याचे ओठ जळून काळे झाले असणार.
मिटतात, टेकत नाहीत.

पान्याच्या दांड्यानं तिनं त्याला एक टोला दिला.
तेरा पॉइंट दोन! श्वासभर.
मग पुन्हा खाली.
"टॉर्च!"
"धरलाय."
"कुठे धरलायस?"

इंजिन घुमत राहिलं. माळावर कुठे आडोसा नाही,
वारा बॉनेटखाली शिरून बाहेर पडला.
मग, तेल संपत आलंय असं सांगावं
तशा आवाजात तो म्हणाला,
"उजव्या डोळ्यानं दिसत नाही मला. ऑगस्टपासून."

ऑगस्ट.
कपाच्या बाहेर ओतलेला चहा.
फाटकाला घासलेला आरसा, ज्याचा दोष फाटकाला.
पाठ धरते म्हणून तिच्या हाती दिलेलं स्टिअरिंग.
बरा आहेस ना, हे कितीदा विचारलं,
ते मात्र तिनं मोजलं नव्हतं.

ती काही बोलली नाही.
जाड केबल काढली,
एक चिमटा अलीकडे, एक पलीकडे,
ठिणगी उडाली, निळी, बोटभर.
अकरा पॉइंट नऊ.
बारा पॉइंट सहा.
आत पंखा खोकला आणि फिरू लागला.

"इंजिन बंद केलं की ही काढायची," ती म्हणाली,
"नाहीतर रात्रीत एक दुसरीला पिऊन टाकील."
"हं."
"हं नको. सांग."
"बंद केलं की काढायची."

तेरा पॉइंट तीन.
मूस जॉला रिले मिळेल, मंगळवारी दुकान उघडतं.
तिथे डोळ्यांचा डॉक्टरही आहे,
तो कधी उघडतो हे तिला ठाऊक नव्हतं.
उजाडलं होतं. टॉर्च त्याच्या हातात तसाच पेटलेला,
आणि तिनं तो विझवायला सांगितलं नाही.

मग ती स्टिअरिंगवर बसली, तो शेजारी.
तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं:
तो चालवायचा तेव्हा ती त्याच्या उजवीकडे असायची.
आता डावीकडे होती.
त्यानं मान वळवली,
पूर्ण वळवावी लागली नाही.