आठशेवर पेंगणारा

सावद्यात, औषधाच्या दुकानावरची माझी खोली.
एक कूलर, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर.
त्याच्या खोक्यावर छापलेलं: दोन पॉइंट नऊ गिगाहर्ट्झ.
तोच त्याचा स्वभाव, असं मी दोन वर्षं धरून चाललो.

मग लीलाधर भंगाळ्यांच्या घरचं लग्न आलं.
तीन कॅमेरे, एक ड्रोन, अकरा तासांची चित्रं,
आणि नवरी सोमवारी सकाळी पुण्याला निघणार.
रविवारी रात्री साडेदहाला मी रेंडरचं बटण दाबलं.

कोपऱ्यातला आकडा आठशे मेगाहर्ट्झवर पेंगत होता,
तोंडावर उपरणं घेऊन खळ्यात निजलेल्या गड्यासारखा.
पापणी लवायच्या आत उठला.
तीन सहा. चार एक. साडेचार.
कुणी हाक मारली नव्हती.
छापलेल्याच्या दीडपट,
आणि त्याबद्दल चकार शब्द नाही.

दाजी दीपनगरहून शिफ्ट संपवून आले होते,
डबा अजून हातातच.
"आमचं उलटं हाये," ते म्हणाले.
"लोड वाढला का पन्नासचा काटा खाली येतो,
एकोनपन्नास आठ झालं का फोन वाजाले लागतो.
तुह्यं हे लोड आल्यावर वर जाते?
मंग जास्तीचं आनते कुठून?"

तुमच्याकडूनच, म्हटलं.

पडद्यावर पंगत बसली होती, वरणबट्टी वाढत होते,
ड्रोन केळीच्या बागांवरून तिरका गेला,
आणि नवरीचा मामा, रडू आवरायला,
मंडपाचा खांब नीट करत होता. खांब नीटच होता.

पावणेबाराला आकडा उतरू लागला.
चार. तीन सात. तीन एक.
थकला म्हणून नव्हे.
अठ्ठ्याण्णव अंश झाले होते आतमध्ये,
आणि बाहेर, मध्यरात्रीही, भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
चढायची मुभा होती त्याला,
पण गारवा असेल तेवढीच.

दाजींनी न विचारता बाजूचा पत्रा काढला.
पंख्याच्या पात्यांवर कापसाचं तूस,
जिनिंगकडून उडत येतं ते, नमद्यासारखं बसलेलं.
दाढीच्या ब्रशनं त्यांनी ते काढलं, हळूहळू,
जणू आत कुणी जागं होईल.
मी टेबलफॅन आडवा धरून उभा राहिलो.
तीन चार. तीन आठ. चार.
साडेचार मात्र पुन्हा दिसला नाही;
आठही कोर एकदम राबत असले
की एकेकट्याची दौड थोडी आवरती घ्यावी लागते.

दोन चाळीसला फाईल पुरी झाली.
आकडा त्याच क्षणी आठशेवर.
पंखा दोन श्वास जास्त फिरला, मग तोही गप्प.

आम्ही गच्चीवर गोधडी टाकली.
गच्चीला अजून दुपारच होती.
डोळे मिटले तर वरात पुन्हा निघाली, चौपट वेगानं,
मामा, खांब, मामा, खांब.
कूस वळून पाहिलं,
दाजी झोपले होते,
आणि त्यांच्या पायाचा अंगठा
एका ठेक्यात हलत होता.