जमिनीवरचे दोन आठवडे

पोलादी दोर तुटला तेव्हा खाली कुणी नव्हतं.
सगळे मला हेच सांगतात. मीही स्वतःला हेच सांगते.
एडमुंडास सिगारेट पेटवायला
चार पावलं बाजूला झाला होता,
तेवढंच.
कंटेनर उसवला, धक्काभर संत्री झाली.
क्लाइपेदाच्या पोरांनी टोप्या भरभरून नेली.

त्यानंतर अकरा रात्री
डोळे मिटले की संत्री घरंगळायची,
आणि प्रत्येकाला एडमुंडासचं तोंड.

"दहा गोळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"अकरावीसाठी माझ्याकडे येऊ नका.
गोळीने दोर सांधला जात नाही.
तेवढे दिवस जरा टेकायला मिळतं, बस."

फार्मसीतला मांतविदास, माझ्या मुलाच्या वयाचा,
पाकिटावर बोट ठेवून बोलत होता:
अंथरुणात शिरल्यावरच घ्या.
आधी गिळून मग भांडी घासत बसाल
तर भांडी कुठे ठेवलीत ते सकाळी शोधाल.
पुढे सात-आठ तास मोकळे असतील तरच.
तीनला जाग आली तर दुसरी नाही.
बिअर नाही.
"एक घोट?"
घोटही नाही.
"आणि सकाळी गाडी... तुम्ही काय चालवता?"
क्रेन, मी म्हटलं. चाळीस मीटरवर बसून चाळीस टन.
त्याने पाकीट परत स्वतःकडे ओढलं.

म्हणून मी जमिनीवर आले.
पत्र्याच्या खोलीत, वजनकाट्याच्या पावत्या लिहायला.
वर माझ्या खुर्चीत दुसरंच कुणी.

पहिल्या रात्रीची झोप माझ्या ओळखीची नव्हती.
कुणी तरी दिवा मालवला
आणि त्याच फुंकरीत मीही विझले.
सकाळी जिभेवर जुन्या नाण्याची चव,
कॉफी कडू, पावही कडू.
दहा वाजता सतरा टनांचे मी एकाहत्तर लिहिले.
खोडलं.
बराच वेळ त्या खोडलेल्याकडे बघत राहिले.

चौथ्या रात्री शेजारची पेत्रोनेले दारात,
वय अठ्ठ्याहत्तर, हातात बोरांच्या मुरंब्याची बरणी.
"मलाही दोनच तास लागते गं. एक दे."
तिच्या हृदयाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, शिवाय ते झाडपाल्याचे थेंब.
नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला.
नंबर तिने ठेवून घेतला,
मुरंबा परत नेला.

सहाव्या रात्री दिराचा नामदिवस.
धुरी दिलेला बाम मासा, त्याच्यावर बिअर,
आणि मी प्यायले. का, ते विचारू नका.
त्या रात्री पाकीट खणात बंद,
मी स्वयंपाकघरात उठून बसलेली.
खाडीवरून भोंगा आला,
वीस मिनिटांनी दुसरा.
उठायचं तर रोजच्याच वेळी, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद,
सहाला घड्याळ वाजलं, आणि उठलेलीच मी पुन्हा उठले.

सात झाल्यावर त्यांनी थांबवलं.
"एक-दोन रात्री बिघडतील," म्हणाल्या,
"ते जुनं दुखणं नव्हे, नुसता रुसवा.
घाबरून पाकीट उघडू नका."
बिघडल्याच. दोन नाही, तीन.
तिसऱ्या रात्री संत्री घरंगळत आली,
पण मोजता येतील इतकीच,
आणि पुढे चार तास
खरवड काढावी तशी, तळाला लागलेली,
थोडी जळकी,
पण माझ्याच पातेल्यातली झोप.

उरलेल्या तीन मांतविदासला परत दिल्या.
त्याने मोजून डब्यात टाकल्या.
आम्ही दोघंही हसलो नाही.

नंतर आठवडाभर डोकं ताजं राहिलं,
डॉक्टरीणबाईंनी सही केली,
नवा दोर मी स्वतः हात लावून पाहिला.
शिडीला एकशे ब्याण्णव पायऱ्या.
मधे एकदा थांबले, वाऱ्यासाठी म्हणा.
काच पुसली, खाली पाहिलं.

एडमुंडासने मान वर केली, हात हलवला,
आणि चार पावलं
बाजूला झाला.