पट्टा काढलेला वेळ

सोमवारी चाळीस कमरांना चाळीस पट्टे बांधले.
काडेपेटीएवढी लाल डबी, उजव्या बाजूला, हाडावर.
"यात कॅमेरा आहे का, मॅडम?"
नाही रे. फक्त हालचाल कळते तिला,
दर पंधरा सेकंदांना एक आकडा.
झोपताना काढायची. आंघोळीला काढायची.
आणि पाण्यात न्यायची नाही.
हे तीनदा सांगितलं, शाळा पंचवटीतली म्हणून.
काढलीत तर वहीत लिहा:
किती वाजता, कशासाठी.

पुढच्या सोमवारी सदतीस परत आल्या.
एक गणवेशाबरोबर धुतली गेली होती.
एक सायकलच्या चाकाला बांधून पाहिलेली,
तिचे आकडे असे की एखादा मुलगा
उभ्या आठवड्यात त्र्यंबकला जाऊन वीसदा परत यावा.

रात्री आलेख उघडले.
वर्गातला वेळ सपाट, मैदान नसलेल्या गावासारखा.
खिचडी संपवून उरलेल्या बारा मिनिटांत
एकच सुळका, चामर लेण्यासारखा उभा.

हर्षल बेंडकुळे, सहावी ब.
रोज चार दहा ते सहा: शून्य.
नियम सांगतो, सलग साठ मिनिटं शून्य दिसलं
तर पट्टा घातलेला नाही असं समजावं
आणि तो वेळ वगळावा.
वगळला.
उरलेल्या हर्षलपुढे संगणकाने लिहिलं: हालचाल अपुरी.

त्याची वही:
४.१० नदी.
४.१० नदी.
४.१५ नदी, पाणी लई.
रविवारी: सकाळपासून नदी. ३७ रुपये.

इकरा मनियारचंही तसंच, दुपारी तीन ते पाच शून्य.
वहीत मात्र: काढली नाही.
विचारलं तर म्हणाली,
भाऊ मांडीवर झोपतो, दात येतायत त्याला,
हललं की उठतो.
पाच चेहऱ्यांच्या कागदावर
"गेल्या आठवड्यात दमलीस का?" या प्रश्नाला
तिने मधला चेहरा रंगवला होता,
पेन्सिल इतकी दाबून की मागच्या पानावर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उमटलं.
दोन्ही शून्यं सारखीच दिसतात पडद्यावर.
मी चष्मा पुसून पाहिलं.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती.
गुरुवारी, हर्षलच्या शून्यांच्या मधोमध
एक ठेंगणी टेकडी. एकसारखी, गोल.
ना पळणं, ना चालणं.
यंत्र बिघडलं म्हणून नोंद करणार होते.

संध्याकाळी घाटावर गेले.
पायरीवर शर्ट, शर्टावर चपला, चपलांवर
राखणीला बसलेली त्याची बहीण,
राजनंदिनी, वय सहा, पुढचा दात नाही.
"तो डबा? मीच सांभाळायचे.
एकदा हलवला. बराच वेळ.
मेल्यासारखा पडला होता ना तो."
आणि तिने हातातला रिकामा वारा
मला हलवून दाखवला, बाळ निजवतात तसा.

पलीकडे कुणी यात्रेकरूने नाणं भिरकावलं.
चार पोरं एकदम तुटून पडली.
हर्षलने कठड्यावरून अंग सोडलं,
हात आधी, मग पाठीचा कणा, मग तळवे,
आणि पाणी त्याच्यावर मिटलं.

"मोजा ना मॅडम," राजनंदिनी म्हणाली,
"तुमचं कामच आहे ना ते."

बोटांवर मोजू लागले.
बाराला बोटं संपली, पेरं धरली.
तिशीला माझाच दम अडकलाय हे कळलं.
एकेचाळीस.
डोकं वर आलं, ओठात दोनचं नाणं,
डोळे लाल, नाकातून पाणी,
आणि असा हसत होता
की कागदावरचा पाचवा चेहरा
त्याच्यापुढे आजारी वाटावा.

"किती?" त्याने लांबूनच विचारलं.
एकेचाळीस, मी ओरडले.
"खोटं. साठ असणार."

खोलीवर आल्यावर शेऱ्याच्या रकान्यात
'नदी' असं टाइप केलं.
संगणक घेईना.
तिथे फक्त अंक चालतात.
मग एकेचाळीस टाकलं. ते त्याने घेतलं.