पस्तीस

बोरीच्या पात्रात वाळू आहे, आणि पोरांचं क्रिकेट.
अमळनेरला आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो,
कधी नवव्या.
आणि माझ्या पुढच्या खोलीत, टीव्ही होता तिथे,
नऊशे लिटर समुद्र उभा आहे.

मी ठिबकवाला. लॅटरल, ड्रीपर, व्हेंचुरी,
केळीला खत किती वेळ सोडायचं, कपाशीला किती,
हे हातांना पाठ.
म्हणून पोवळ्यांना थेंबाथेंबानं कॅल्शियम पाजणं
मला कुणी शिकवावं लागलं नाही.
नळी तीच, टायमर तोच,
फक्त पीक दगडासारखं
आणि वाढतं महिन्याला नखाएवढं.

रोज सकाळी काचेच्या पट्टीवर एक थेंब,
आणि नळी डोळ्याला लावून खिडकीकडे बघायचं.
निळ्या-पांढऱ्याची सीमा पस्तिसावर हवी.
हजारात पस्तीस.
आमच्या उन्हात रोज बादलीभर पाणी उडून जातं,
मीठ जात नाही.
म्हणून गेलं तेवढं गोडंच भरायचं, खारं नव्हे.
हे मंगलाला मी तीनदा समजावलं.
ती म्हणाली, मिठाच्या गोणीचा भाव आधी समजाव.
पण काचेवरचं शेवाळ तीच खरवडते,
माझ्या जुन्या एसटी पासानं, दुपारी, कुणी नसताना.

हिलालआप्पा रोज साडेआठला येतात,
जेवून, स्वतःची खुर्ची घेऊन.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, धुळ्याच्या पलीकडे गेलेले नाहीत.
पहिल्या दिवशी बराच वेळ बघून म्हणाले,
'गोडं पानी मिळत नही,
अन तू त्यामा मीठ टाकी राह्यना?'
मला उत्तर आलं नाही.
अजून आलेलं नाही.
आरओचं वाया जाणारं पाणी तेव्हापासून
त्यांच्या धुण्याला जातं.

मे महिन्यात एका रात्री पावणेबाराला डीपी जळाली.
इन्व्हर्टर एक पंप ओढतो, चिलर नाही.
अठ्ठावीस.
साडेअठ्ठावीस.
एकोणतीस पॉइंट चार.
निंबा कुल्फीवाल्याला उठवलं.
त्यानं हातगाडीतला बर्फ उपसून दिला,
'भो, याले मीठ लागेल शे, चाली का?'
मला हसू आलं, त्या रात्रीतलं एकदाच.
बर्फ पिशव्यांत बांधला, पिशव्या पाण्यावर सोडल्या.
मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून,
तोंडं वर.

उकाड्यानं आप्पाही बाहेरच होते.
आत आले, काही विचारलं नाही,
मंगलाकडून सूप मागून घेतलं
आणि स्टुलावर चढून पाण्याला वारा घालू लागले,
खळ्यावर उपणणाऱ्याला घालतात तसा,
खांद्यातून, लयीत.
मी म्हटलं, दमाल.
ते म्हणाले, 'तू बर्फ दख.'
साडेतीनला आकडा थांबला.
मग दशांश दशांशानं उतरला.

वीज सातला आली.
दिवा लागला तेव्हा दिसलं,
उजवीकडच्या खडकावरचं एक पोवळं
रातोरात पांढरं झालेलं,
बोंडातून फुटलेल्या कापसासारखं.
शेतात हा रंग दिसला की आम्ही
वेचणीच्या बायांना निरोप धाडतो.
आप्पांनी काचेला नाक लावून पाहिलं.
'वेचनी उनी का?'
नाही आप्पा, म्हटलं. हे गेलं.
ते पुन्हा खुर्चीत बसले. टोपी काढली.

मी काचेवर थेंब ठेवला. साडेपस्तीस.
तांब्यातांब्यानं गोडं पाणी ओतत राहिलो.
मागे आप्पा सूप परत द्यायला उठले.
रात्रभर उडालेले शिंतोडे त्याच्या कडेला वाळून
पांढरी रेघ उमटली होती.
त्यांनी तीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं,
थोडा वेळ तोंड मिटून उभे राहिले.

'मीठच शे,' म्हणाले.
आणि खुर्ची उचलून घरी गेले.