उतरलेली तार

निकाल रेडिओवर, रात्री आठला.
ताल्लिनमध्ये सभागृह भरलं असेल, कॅमेरे, काळे कोट.
इथं हाप्सालूत खाडी गोठलीय
आणि मी बटाटे सोलतोय.
चार घेतले. दोन परत टोपलीत टाकले.
वर्ष होत आलं, हाताला अजून हिशेब जमत नाही.

देशातला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम: एकच.
देश एवढासा, की परीक्षकांतल्या एकीचा पियानो
मीच लावतो, आणि एकाच्या सासूचा.
यादीत दहा नावं. सातवं त्रीनूचं.
तिचे पाय पेडलला पोचत नव्हते तेव्हा
माशांचं खोकं उलटं करून दिलं होतं मी पायाखाली,
तीनदा धुऊनही वास गेला नव्हता त्याचा.

रेकॉर्डिंग ठरलं होतं गुरुवारी, आमच्या सांस्कृतिक भवनात.
बुधवारी मी जायचं, एकतीस वर्षांचा शिरस्ता.
मंगळवारी दुपारी उर्वे गेली.

कुणी फोन केला नाही. बरोबरच आहे.
मलाच मात्र आठवलं, नको तेव्हा,
तिचा निळा ड्रेस इस्त्री करताना:
मधल्या सप्तकातला ‘ला’, त्याच्या तीन तारांतली डावी.
हीटर लागले की लाकूड सुकतं
आणि ती उतरते, कुणाला न सांगता,
लग्नघरातून लवकर निघणाऱ्या पाहुण्यासारखी.
आठवलं, आणि मी बाही इस्त्री करत राहिलो.

तबकडी टपालानं आली. ऑगस्टपर्यंत पाकीट फोडलं नाही.
मग फोडलं.
तिसऱ्या रचनेत, बाकी सगळं थांबल्यावर,
त्रीनू त्याच पट्टीवर येते आणि बोट तिथंच ठेवते.
दोन तारा एक सांगतात, तिसरी किंचित वेगळं,
आणि सूर हलायला लागतो
बांधून ठेवलेल्या होडीसारखा.
मी उठून किल्ली शोधायला लागलो.
प्लेअरसमोर किल्ली घेऊन उभा, सत्तरीचा माणूस!
लाज वाटली. माझा धंदा असा,
की मी येऊन गेलो हे कुणाला कळू नये.
आणि इथं मी आलो नाही हे
अख्ख्या देशाला ऐकू जात होतं.

आठ चाळीस. त्रीनू जिंकली.
अध्यक्षबाई कागद वाचतायत:
“…तो थरथरता स्वर, जणू कुणी दारात उभं आहे
आणि आत येत नाही…”
टाळ्या. बटाटे खाली लागले.
त्रीनूनं आईचे आभार मानले, ध्वनिमुद्रकाचे,
भवनातल्या म्हाताऱ्या बॉयलरचेसुद्धा.
माझं नाव काढलं नाही.
शहाणी पोर.

सकाळी भवनातून हेल्यूचा फोन:
“एंडेल, आता त्याला हात लावू नकोस हं.
लोक तोच सूर ऐकायला येणार.”
कसं समजावू हिला!
बिघाड काही काकडीच्या लोणच्यासारखा बरणीत राहत नाही.
तार उतरतच जाते. आज थरथर,
उद्या कटकट, परवा नुसतं गंजकं कण्हणं.
चुकलेला सूर टिकवायचा तरी
कुणीतरी तो लावावाच लागतो.

वर्षात तिकडे फिरकलो नव्हतो.
बुधवारी गेलो. पिशवीत किल्ली, फेल्टची पाचर
आणि तिचा अल्बम.
ती तार पार खाली घसरलेली.
पाचर सारून तिला गप्प केलं, दोघींना बिनचूक जुळवलं,
मग पाचर काढून तिसरी
वर आणत आणत
त्या गुरुवारपर्यंत आणली.
सेकंदाला दोन हेलकावे. जरा कमीच.
हात म्हणत होता, अजून केसभर, की जुळेल.
हात काय, तो चार बटाटेही घेतो.

हेल्यू मागच्या रांगेतल्या खुर्च्या पुसत होती.
“झालं का?”
“नाही,” म्हटलं,
आणि किल्ली पिशवीत टाकली.