डावी धार

कळमेश्वरची रुख्माबाई ढोमणे जानेवारीत आली.
संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं करते.
म्हणाली, "भाऊ, बाजारातले सारेच चाकू उजवे हायत."

मी हसलो. पात्याला कुठे हात असतो?

तिनं माझाच एक चाकू उचलला, डाव्या हातात,
पिशवीतली काडी काढली, चीर दिली.
"हे पाहा. पातं आत घुसते. डोळा फाटून जाते."
डोळा खरंच फाटला होता.
दिवसाला सातशे डोळे बांधते ती,
तीस वर्षं, उलट्या धारेनं.

हिवरीनगरात स्कूटर ठेवायची शेड, तेच माझं दुकान.
मशीनची मोटर पिठाच्या गिरणीची;
कितीही फुंकली तरी पहिला महिनाभर
पात्यांवर ज्वारी बसायची.
पट्टा ताणायला लुनाची स्प्रिंग.
भट्टीला वारा मंदाच्या केस वाळवायच्या यंत्राचा.
नागपूरच्या उन्हात केस असेच वाळतात, मी म्हणालो होतो.
यंत्राचं तिनं माफ केलं. वाक्याचं नाही.

तारेला टांगलाय मंडळाच्या फुटक्या स्पीकरचा चुंबक.
लाल झालेलं पातं तो ओढतो, ओढतो,
आणि एका क्षणी ओळखच विसरतो.
तीच वेळ.
आणखी तीन श्वास, मग कोमट जवसाच्या तेलात.
गल्ली विचारते, आज चटणी काय?

आणि कोन धरायला
दाराची एक बिजागरी, सायकलचा एक आरा, एक नट.
इतकी साधी गोष्ट मला दुसरी कधी सुचली नाही.
बारा अंश म्हणजे बारा अंश,
झोपेतही.
पण उजवीकडूनच.
डावीकडे भिंत.

पहिलं पातं मोकळ्या हातानं घासलं. लाट आली.
दुसरं निळं पडलं, गेलं.
तिसरं हातात धरून मी भिंतीकडे पाहत बसलो.
तेवीस वर्षं वाटत होतं, मशीनला बाजू एकच आहे.

निसारला म्हटलं, पहार आण.
चार बोल्ट, चारही गंजलेले, दोन कापावे लागले.
मशीन दीड हात सरकली
आणि मागच्या फटीत, कोळ्याच्या जाळ्यात,
दहा-अकराचा पाना.

तोच.
चार दिवाळ्यांपूर्वी ज्याच्यावरून
मी निसारला गिऱ्हाइकासमोर बोललो होतो.
काय बोललो, ते इथे लिहीत नाही.

तो काही म्हणाला नाही.
वाकला, पाना उचलला, शर्टाला पुसला,
खिळ्याला अडकवला, जिथे त्याची जागा होती.
मग विचारलं, "बिजागरी उलटी लावू का?"
मी म्हणालो, लाव.
दुसरं काही म्हणायला हवं होतं.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, चहाच्या टपरीवर, कप धुणाऱ्या पोराच्या देखत.
"जाऊ द्या ना," निसार म्हणाला, आणि खारी बुडवत राहिला.

पातं बेअरिंगच्या कड्याचं.
मूठ तिनंच आणलेल्या लाकडाची,
डिंक्यानं मेलेलं तिच्या बांधावरचं झाड,
पिवळं, दाट, घासताना अजून जरासं आंबट.
टोकाला पितळी जीभ, साल उचलायला.

रुख्माबाईनं धार पाहिली नाही, कौतुक केलं नाही.
जंबेरीचं रोप काढलं पिशवीतून,
खाली बसली,
एक उभी चीर, एक आडवी,
डोळा आत सरकवला, जणू खिशात चिल्लर,
आणि पट्टी बांधली.
पैसे मोजले. रोप तिथेच ठेवलं.
"एकवीस दिवस सोडू नका."

आज अकरावा.
मंदा पाणी घालते, मला हात लावू देत नाही.
मशीन परत भिंतीला टेकवली नाही.
मधल्या जागेत एक माणूस नीट उभा राहतो.
निसार तिथे उभा राहून पितळ घासतो,
आणि पाना हवा असला
की मी मागतो,
तो न बघता हात मागे करून देतो.